वर्तमानपत्राचा धनी कोण?



व्याख्यानासाठी विषय कळवा, असा निरोप आला तेव्हा आम्ही 'वर्तमानपत्राचा धनी कोण' असे कळवले. संयोजकांपैकी एक तरुण गृहस्थ फोनवर म्हणाले, "काका, तुम्ही कामगारांवर बोलाल असं वाटलं होतं." आम्ही म्हटले, कामगारांवरच बोलणार आहोत, त्यांची बातमी कोठे अडते तेवढे सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचन मोंढ्याजवळच्या रद्दीच्या दुकानात, गठ्ठ्यांवर बसून झाले. त्यामुळे वर्तमानपत्राविषयी आमच्या मनात राग थोडा आणि ऋण फार आहे. पुढे काही कडू शब्द येतील, ते घरच्या माणसाला बोलावे तसे बोललेले समजावेत.

आपण बसलो आहोत ते नामदेवांचे गाव. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. नामदेवांनी देह ठेवला १३५० च्या सुमारास, आणि त्या ग्रंथाची पहिली संहिता सिद्ध झाली १६०४ मध्ये. म्हणजे मधली अडीचशे वर्षे पंजाबातल्या कोणा कोणा माणसांनी ही पदे गायली, पाठ केली, उतरवून ठेवली. त्यासाठी त्यांना कोणी पगार दिला नव्हता. ऐकणाऱ्यानेच आपल्या पदरचे तेल जाळले म्हणून एका शिंप्याचा शब्द तिकडे टिकला.

छापखाना आला आणि हा हिशेब बदलला. यंत्र, कागद, शाई, खिळे जुळवणाऱ्याचा पगार, टपालहशील हे सारे कोणीतरी आधी भरावे, तेव्हा पहिली ओळ उमटते. आपल्याकडच्या थोर संपादकांना याचा चटका चांगलाच बसलेला आहे. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा १८८७ मध्ये त्यांना ती खुर्ची सोडावी लागली आणि आपले म्हणणे मांडण्यासाठी १८८८ मध्ये 'सुधारक' हे वेगळे पत्र काढावे लागले. एवढ्या समर्थ लेखणीलाही स्वतः उभारलेल्या पत्रात जागा उरली नाही. बाबासाहेबांची गोष्ट याहून तिखट आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले होते. या पत्राची नुसती जाहिरात, तीही पैसे देऊन छापा म्हटले असता, 'केसरी'ने छापली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारता'त लिहिले आहे. तेव्हा धनी म्हणजे केवळ पैसेवाला असे समजू नये. जागा द्यायची की नाही हे ज्याच्या मर्जीवर, तो धनी.

आम्हा युनियनवाल्यांना मात्र आठवतो तो 'दीनबंधू'. कृष्णराव भालेकरांनी तो १८७७ मध्ये पुण्यात सुरू केला. १८८० पासून तो मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवला. लोखंड्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभी केली १८८४ मध्ये, आणि रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. आधी पत्र, मग संघटना, मग सुट्टी, असा तो क्रम आहे. आमच्या पिढीने तो उलटा लावला. आधी संप केला आणि मग बातमी कोण छापतो म्हणून शोधत हिंडलो. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तेथे बातमीचा धनी कोण, हा प्रश्नच नव्हता. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक १९३८ मध्ये काढले ते पुण्याहून, कारण ज्या मुलखासाठी ते काढायचे त्या मुलखात ते छापण्याची सोय नव्हती. निजाम सरकार बंदी घाली आणि वाघमारे नाव बदलून तेच पत्र पुन्हा काढीत. येथून जवळच पैनगंगा. ती ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. पलीकडच्या काठावर जो कागद उघड्यावर वाचता येई, तोच अलीकडे जवळ सापडला तर गुन्हा होता. हैदराबादेत शोएबुल्ला खान हे 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवीत. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना रझाकारांनी त्यांना गाठून ठार केले, हातही तोडला. उर्दूत लिहिणारा हा मुसलमान संपादक आपल्या मुक्तीसाठी गेला, हे मराठवाड्यातल्या पोराबाळांना सांगायला आपण फार कमी पडलो.

तो काळ क्रूर होता, पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. बंदीचा हुकूम कागदावर असे. कोणत्या बातमीला कोण अडवतो हे शेंबड्या पोरालाही कळे. आज कोणी हुकूम काढीत नाही. बातमी वाटेतच कोठेतरी जिरते. ती कशी जिरते हे समजण्यासाठी थोडा पैशाआण्यांचा हिशेब करावा लागेल. आपण शेतकरी-व्यापाऱ्यांची मुले आहोत, हिशेबाला कंटाळणार नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५२ मध्ये एक वृत्तपत्र आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपले मराठीच. १९५४ मध्ये आयोगाने अहवाल दिला. देशातल्या दैनिकांच्या एकूण खपापैकी सुमारे निम्मा खप अवघ्या पंधरा मालकांच्या हाती आहे, असे त्यात दाखवले होते. मोठा मालक काय करतो? जाहिरातींच्या जोरावर जाडजूड अंक काढतो आणि कवडीमोलाने विकतो. ज्याच्याजवळ जाहिरात नाही त्या लहान पत्राला त्या किमतीत चारच पाने देता येतात. गिऱ्हाईक साहजिकच जाड अंकाकडे वळते. यावर आयोगाने उपाय सुचवला की पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड कायद्याने घालावी. पाने जास्त तर दाम जास्त. १९५६ मध्ये तसा कायदा झाला, १९६० मध्ये प्रत्यक्ष हुकूम निघाला.

आणि या हुकुमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान कोणी दिले? बिर्ला किंवा गोएंका असे आपण म्हणाल. पण तो खटला 'सकाळ'च्या नावाने प्रसिद्ध आहे. पुण्याचा 'सकाळ', नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी काढलेला. खटल्याच्या कागदांतले आकडे फार बोलके आहेत. रोजचा खप ५२ हजार, रविवारचा ५६ हजार. आठवड्यात पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार पाने, म्हणजे सहा दिवसांची ३४ पाने. किंमत रोजी सात नवे पैसे. सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींची. नव्या हुकुमाप्रमाणे ३४ पाने द्यायची तर किंमत सातावरून आठ पैसे करावी लागणार. सातच पैसे ठेवायचे तर पाने चोवीसवर आणावी लागणार. एका पैशाचा प्रश्न! पण पैसा वाढला की खप घटतो आणि पाने घटली की मजकूर घटतो; दोन्हीकडून आमच्या बोलण्यावरच गदा येते, असे 'सकाळ'चे म्हणणे. काही वाचकही अर्जदार म्हणून त्यांच्यासोबत न्यायालयात गेले होते, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती मुधोळकरांनी तो लिहिला. धंदा म्हणून सरकार वृत्तपत्रावर काही निर्बंध घालू शकेल. पण घटनेने विचारस्वातंत्र्यावर ज्या कारणांसाठी निर्बंध घालू दिले आहेत, त्यांत लहान पत्रांना आधार देणे हे कारण बसत नाही. किती लोकांपर्यंत पोहोचायचे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे. कायदा रद्द झाला. पुढे १९७२ मध्ये कागदाच्या वाटपातून दहा पानांची मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला, तोही बेनेट कोलमनच्या खटल्यात मोडीत निघाला. त्या वेळी एकटे न्यायमूर्ती मॅथ्यू वेगळे पडले. समाजाला नाना तऱ्हेची मते ऐकायला मिळणे हाही स्वातंत्र्याचाच अर्थ आहे, असा त्यांच्या मताचा रोख होता.

आम्ही १९६१ चा तो निकाल तीनदा वाचला आहे, शब्दकोश शेजारी घेऊन. पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला, कारण गरिबाच्या बाजूचा कायदा गेला असे वाटले. दुसऱ्यांदा वाचला तो काही वर्षांनी, एका मोर्चात पोलिसांनी आमची पत्रके जप्त केली त्यानंतर; तेव्हा मुधोळकरांचे बरोबर वाटले. आज पाने मोजणारे सरकार उद्या शब्द मोजील. तिसऱ्यांदा वाचताना दिसले ते असे की, न्यायालयापुढे जो प्रश्न होता त्याचे उत्तर त्यांनी नीट दिले. राजाध्यक्षांनी विचारलेला प्रश्न मात्र तसाच उघड्यावर राहिला. सरकारची कात्री दूर झाली हे चांगलेच झाले. पण जाहिरातदाराच्या कात्रीला कोणत्या कलमाखाली न्यायालयात न्यायचे?

आजचा हिशेब पाहा. आपण सकाळी जो अंक घेतो तो हॉटेलातल्या चहापेक्षा स्वस्त. त्यातून विक्रेत्याचे कमिशन गेले, गाडीभाडे गेले, की कागदाचाही खर्च निघणे कठीण. उरलेली तूट जो भरतो तो जाहिरातदार. आणि सर्वांत मोठ्या जाहिरातदारांत सरकार स्वतःच आहे. आपण महिनाअखेर रद्दी विकून त्यातलेही काही पैसे परत मिळवतो आणि वर म्हणतो, पेपरवाले विकले गेले! अहो, आपण विकत घेतलेच कधी?

मालकीचे सांगायचे तर, परुळेकर १९७३ मध्ये गेले आणि १९८५ मध्ये 'सकाळ' पवार कुटुंबाकडे गेला. 'लोकमत' ज्यांनी वाढवले ते जवाहरलाल दर्डा महाराष्ट्राचे मंत्री होते. 'सामना' १९८८ मध्ये निघाला तो उघडपणे शिवसेनेचे मुखपत्र म्हणून. त्यात निदान लपवाछपवी नाही. देशपातळीवर नेटवर्क-१८ हा वाहिन्यांचा समूह २०१४ मध्ये रिलायन्सकडे गेला, एनडीटीव्ही डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली. यांत बेकायदेशीर काही नाही. ट्राय या सरकारी प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये राजकीय पक्ष आणि बडे उद्योग यांच्या वृत्तमाध्यमांतील शिरकावावर बंधने घालावीत अशी शिफारस केली होती. तिचा कायदा झाला नाही. रेडिओचे तर आणखी गमतीचे आहे. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले, त्या निकालात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी खाजगी एफएमवाल्याला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी लावायची तेवढी लावता येते. गाणी पाहिजे तेवढी वाजवा!

आता आमची गोष्ट. २००६ मध्ये, हळदीच्या हंगामात, आमच्या भागातल्या एका मोंढ्यात हमाल-मापाड्यांनी काम बंद ठेवले. मागणी दर पोत्यामागे हमाली वाढवण्याची. अकरा दिवस पोते हलले नाही. त्या पेठेत येणाऱ्या एका दैनिकात अकरा दिवसांत एक ओळ आली नाही. बाराव्या दिवशी आली ती 'शेतकऱ्यांची गैरसोय' म्हणून. त्याच अंकात शेवटच्या पानावर खरेदीदारांची रंगीत जाहिरात होती, सर्व शेतकरी बांधवांचे स्वागत करणारी. आमची पोरे चिडली, वार्ताहराला जाब विचारू म्हणाली. तो स्वतःच रात्री आमच्या घरी आला. तिशीतला मुलगा, दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "काका, मी रोज बातमी पाठवली. तिकडून फोन आला, तो वर्धापनदिनाच्या पुरवणीला किती जाहिराती जमल्या ते विचारायला." मग कळले की त्याला पगार नाही. जाहिरात आणली तर तिच्यावर कमिशन, तीच त्याची कमाई. ज्यांच्याविरुद्ध त्याने बातमी लिहायची, त्यांच्याच दुकानी त्याने जाहिरातीसाठी उभे राहायचे. आम्ही आयुष्यभर वेठबिगार शोधत गावोगाव हिंडलो आणि हा मनुष्य वही-पेन घेऊन आमच्याच सभेत पहिल्या ओळीत बसत होता, तो आम्हाला दिसला नाही. पत्रकारांचे वेतन ठरवण्याचा कायदा १९५५ पासून होता, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरल्या. पण तालुक्याचा वार्ताहर ज्या पगारपत्रकावरच नाही, त्याला त्याचे काय?

हे खालच्या पातळीवरचे. वरच्या पातळीवर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या एका बड्या उमेदवाराच्या स्तुतीचा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला. पुढे निवडणूक आयोगाने त्या उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. पण विकत घेतलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१० मध्ये तयार केलेला ७१ पानांचा अहवाल कौन्सिलने तेव्हा पूर्ण प्रसिद्ध केला नाही. तो लोकांपुढे यायला २०११ उजाडले. बातम्यांच्या विक्रीची बातमीच अशी वर्षभर कपाटात राहिली.

संपानंतर आम्ही ठरवले, आपले पत्र आपण काढू. महिन्याला चार पानांचे पत्रक, किंमत दोन रुपये, जाहिरात एकही नाही. पहिले वर्ष मोठ्या हौसेने गेले. अडत्यांची लबाडी, काट्यातली खोट, सारे छापले. मग एका म्हाताऱ्या मापाड्याचे पत्र आले. संघटनेच्या मदतनिधीचा दोन वर्षांचा हिशेब सभेत वाचला गेलेला नाही, तो का, एवढेच त्याने विचारले होते. खजिनदार आमचा जुना सोबती. पैसे खाल्ले नव्हते, पण लिहून ठेवले नव्हते. आम्ही ते पत्र टेबलाच्या खणात ठेवले. मनाशी म्हटले, आत्ता छापले तर व्यापारी हसतील, संघटना फुटेल. वेळ बरी आली की छापू. बंधुभगिनींनो, हेच शब्द जगातल्या प्रत्येक वृत्तपत्राच्या मालकाने कधी ना कधी म्हटलेले असतील. आम्हाला जाहिरातदार नव्हता, भागीदार नव्हता, निजाम नव्हता. पण किल्ली आमच्या खिशात होती, तेवढे पुरले. त्या मापाड्याने काय करावे? रोज दुपारी चहाच्या टपरीवर तो आपल्या पत्राची नक्कल मोठ्याने वाचू लागला. दोन महिन्यांत आमचे पत्रक घेणारे अर्ध्यावर आले. लोक पत्रक घेत आणि विचारीत, "त्याचं पत्र आलंय का यात?"

शेवटी आम्ही हिशेब लावला. ४,३०० रुपयांचा मेळ बसेना. तो चौघांनी मिळून भरला आणि सभेत सांगितला. पत्र छापले, पण तोवर साडेतीन वर्षे उलटली होती. पत्रक त्यानंतर फार दिवस चालले नाही. कागद महागला हे कारण आम्ही लोकांना सांगत असू. ते अर्धेच खरे होते.

म्हणून आजकाल कोणी म्हणाले, मोबाईलमुळे आता प्रत्येक माणूस संपादक झाला, तर आम्ही एवढेच विचारतो की गावच्या ग्रुपवरून कोणाला काढायचे हे कोण ठरवतो. आणि तो ग्रुप ज्या व्हॉट्सअॅपवर आहे, ते २०१४ पासून फेसबुकच्या मालकाचे आहे. त्या गृहस्थाला नरसीत हमालीचा दर काय आहे याच्याशी कर्तव्य नाही, पण आपण काय वाचतो याच्यावरच त्याचा धंदा चालतो.

आपण काय करू शकतो, असे तुम्ही विचाराल. मोठे काही आमच्याजवळ नाही. त्या मोंढ्यात आता आम्ही तीन वर्तमानपत्रे घेतो, वेगवेगळ्या मालकांची, वर्गणी हमालांची. आणि एकच बातमी तिन्हींत कशी आली, कोणात आलीच नाही, ते दुपारच्या सुट्टीत वाचून पाहतो. गेल्या साली एका पोराने पहिल्यांदाच विचारले, "ही बातमी नाही, तर तिच्या जागी काय आहे?" आम्हाला ते फार बरे वाटले. वार्ताहर आला की त्याला चहाबरोबर एस.टी.चे भाडेही देऊ करतो. काही घेतात, काही रागावतात. रागावतात त्यांच्या बातम्या आम्ही जपून वाचतो.

आणखी एक. १९५६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक वृत्तपत्राला दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात एक चौकट छापावी लागे, नमुना क्रमांक चार. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे, आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असणाऱ्या प्रत्येकाचे नाव व पत्ता. हीही त्या राजाध्यक्ष आयोगानंतरच्या दिवसांतलीच देणगी. सहसा ती आतल्या पानावर, बारीक टाइपात, निविदांच्या शेजारी छापलेली असे, वाचणारा विरळा. १८६७ चा मूळ कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला. आमच्याजवळची कात्रणे त्याआधीची आहेत. रद्दीच्या दुकानात बसायची सवय सुटली नाही, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची जमली. त्यांत एकाच पत्राच्या चौकटीत नावे कशी बदलत गेली ते वर्षावर्षाने दिसते. कंपनीच्या नावामागे दुसरी कंपनी दिसते, तिच्यामागे आम्हाला जाता आले नाही.

ती वही या टेबलावर ठेवली आहे. चहा येईपर्यंत ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी, आणि मग जे विचारायचे ते विचारावे. हिशेबाचे विचारले तरी चालेल. वहीच्या शेवटच्या पानावर आमचे चार पानांचे पत्रक चिकटवले आहे, आणि त्याच्या तिसऱ्या पानावर, उजव्या हाताला, त्या मापाड्याचे पत्र आहे.